बॅटमॅन आर्कम नाइट: मारामारी अव्वल, रणगाडे नकोसे, असं का झालं?

जून २०१५ मध्ये लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ बाजारात आणला. त्यांचे आधीचे दोन बॅटमॅन गेम, २००९ चा ‘आर्कम असायलम’ आणि २०११ चा ‘आर्कम सिटी’, लोकांनी डोक्यावर घेतले होते. त्यामुळे तिसऱ्याकडून अपेक्षाही तशाच होत्या. इतकी वर्षं झाली तरी या गेमबद्दल दोन अगदी उलट गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणतं, हाणामारी आणि लपून केलेली शिकार इतकी जमलेला सुपरहिरो गेम दुसरा नाही. कोणी म्हणतं, त्या बॅटमोबिलने, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीने, आणि रणगाड्यांनी जीव नकोसा करून सोडला.

दोन्ही खरं आहे. एकाच स्टुडिओने एकाच गेममध्ये हे दोन्ही करून ठेवलंय. ते कसं झालं हे उलगडून पाहिलं, तर कुठलाही ॲक्शन गेम कशाने रंगतो आणि कशाने कंटाळवाणा होतो, तेही लक्षात येतं. अजून खेळला नसेल तर काळजी नको, कथेतलं मुख्य रहस्य इथे फोडलेलं नाही.

चार बटणांची मारामारी

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोन म्हणजे ठोसा. त्रिकोण म्हणजे समोरच्याचा वार अडवून त्यालाच परतवणं. गोल म्हणजे केप फडकावून समोरच्याला गांगरवणं. फुली म्हणजे बाजूला होणं, आणि दोनदा दाबली तर त्याच्या डोक्यावरून उडी. कीबोर्ड आणि माउसवर याच क्रमाने डावं क्लिक, उजवं क्लिक, मधलं चाक आणि स्पेसबार. पाया एवढाच. बाकी सगळं यावर चढवलेलं आहे.

नव्या माणसाला पहिल्या तासात सगळ्यात जास्त सुखावतं ते असं की अंतराची चिंता करावी लागत नाही. तुम्ही कंट्रोलरची काठी (स्टिक) ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेचा गुंड गेम निवडतो, आणि तो चार पावलं लांब असला तरी बॅटमॅन झेप घेऊन तिथे पोचतो. म्हणजे तुमचं काम ‘कुठे’ आणि ‘कधी’ ठरवायचं. ‘कसं पोचायचं’ हे गेम पाहतो. कोणी वार करायला निघाला की त्याच्या डोक्यावर निळ्या रेघा चमकतात. तेवढ्यात त्रिकोण दाबला की वार अडतो, आणि लागोपाठच्या यशस्वी फटक्यांचा आकडा चढता राहतो. ठोसा हवेत गेला, मार बसला किंवा उगाच थांबलात की आकडा शून्यावर.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. चौकोन धडाधड दाबत सुटलं की वाटतं आपण जोरात लढतोय. प्रत्यक्षात एक ठोसा लागतो न लागतो तोच, एकदाच दाबलेला पुढचा ठोसा जास्त वजनाचा मानला जातो आणि आकडाही वेगाने चढतो. धडाधड दाबणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. शिवाय त्याचा एखादा ठोसा मोकळ्या हवेत जातोच. म्हणून पहिल्या तासात हातांना एवढंच शिकवा: एक ठोसा, एक दाब, आणि नजर बॅटमॅनवर नको तर गर्दीच्या कडेला, कारण निळ्या रेघा तिथून निघतात.

आकडा आठवर गेला की खास वार मोकळा होतो. त्रिकोण आणि गोल एकत्र दाबले की समोरचा एका झटक्यात कायमचा आडवा. ही मर्यादा आठवरून पाचवर आणणारं अपग्रेड आहे आणि ते अगदी सुरुवातीला घ्यावं. दुसऱ्या कुठल्याही एका अपग्रेडने मारामारीत एवढा फरक पडत नाही.

इथवर सगळं सोपं आहे, आणि इथेच थांबलं असतं तर दोन तासांत कंटाळा आला असता. तो येत नाही याचं कारण शत्रूंच्या रचनेत आहे. नवा शत्रू आला की तो नुसता जास्त ताकदवान नसतो, तो तुमची एखादी सवय मोडतो. चाकूवाल्याचा वार साध्या त्रिकोणाने अडत नाही. बटण दाबून धरायचं आणि काठी त्याच्या विरुद्ध दिशेला ओढायची. विजेचा दांडा घेतलेल्याला समोरून ठोसा मारला तर झटका तुम्हालाच बसतो, त्यामुळे डोक्यावरून उडी मारून पाठीमागून मारायचं. ढालवाल्याला आधी गांगरवायचं, मग वरून यायचं. दांडगट ब्रूटला एक-दोन ठोशांनी काहीच होत नाही. त्याला केपने गांगरवून ठोशांची सरबत्ती करावी लागते आणि त्या सरबत्तीत मध्येच कोणीतरी मागून येतोच.

या गेममध्ये नव्याने आलेला मेडिक हा यातला सगळ्यात हुशारीने घडवलेला शत्रू. तो स्वतः फारसा लढत नाही. पडलेल्यांना उठवतो आणि उभ्या असलेल्यांच्या अंगात वीज खेळवतो. वीज खेळणाऱ्याला हात लावला की तुमचा आकडा गेला. म्हणजे आत्तापर्यंत ‘जो जवळ त्याला मार’ ही जी सवय लागली होती, तीच आता अंगाशी येते.

गच्चीवर डझनभर गुंड आहेत अशी कल्पना करा. त्यात एक मेडिक, एक ढालवाला, दोन दांडेवाले, एक ब्रूट. पहिले तीन-चार साधे ठोसे काठावरच्या साध्या गुंडांवर खर्च करायचे, ते फक्त आकडा पाचवर न्यायला. पाच झाले की काठी मेडिककडे ढकलून खास वार. तो गेला की पडलेले पडलेलेच राहतात. पुन्हा पाच जमवायचे, दुसरा खास वार ढालवाल्यावर. ढालीची भानगड एका झटक्यात मिटते. दांडेवाल्यांवरून उड्या मारत फिरायचं, कारण उडीने आकडा तुटत नाही आणि जागाही बदलते. ब्रूट शेवटी, आजूबाजूला कोणी उरलं नाही की. हाच क्रम उलटा करून ब्रूटपासून सुरुवात केलीत तर सरबत्ती तिसऱ्या ठोशाला तुटेल, मेडिक मागे सगळ्यांना उठवत बसेल आणि दोन मिनिटांचं काम सहा मिनिटांचं होईल. बटणं तीच चार, पण निर्णय दर सेकंदाला वेगळा.

डिझायनरांचं हे सूत्र पुढे बऱ्याच गेमनी उचललं. २०१८ च्या प्लेस्टेशनवरच्या स्पायडरमॅनमध्ये डोक्यावर चमकणारा इशारा तोच आहे. तिथे फक्त वार परतवण्याऐवजी तो चुकवण्यावर भर दिला.

दोष इथेही आहेत. अरुंद खोलीत कॅमेरा भिंतीला टेकतो, निळ्या रेघा पडद्याबाहेर जातात आणि न दिसलेल्या माणसाचा मार बसतो. गॅजेटांची बटणजोडणीही फार झाली आहे. हा गेम धरूनच चालतो की तुम्ही आधीचे दोन खेळून आला आहात. थेट इथून सुरुवात करणाऱ्याने मुख्य कथा थोडी बाजूला ठेवून एआर चॅलेंज या कथेबाहेरच्या विभागातले सरावाचे भाग आधी करावेत. अर्ध्या तासात हात बसतो.

वरून शिकार

बंदूकधारी सैनिकांच्या समोर बॅटमॅन टिकत नाही, चार-पाच गोळ्यांत खेळ संपतो. म्हणून अशा खोल्यांमध्ये उंचावरच्या कोनाड्यांत लपायचं, जमिनीखालच्या जाळ्यांतून सरकायचं आणि एकेकाला गाठायचं. एक माणूस गायब झाला की उरलेले घाबरतात. ओरडतात, उगाच मागे वळून गोळ्या झाडतात, एकमेकांना चिकटून चालायला लागतात. सात बंदुकांसमोर एकटा असूनही इथे भीती त्यांना वाटते. सुपरहिरो असल्याचा खरा आनंद या खोल्यांत आहे असं आमचं ठाम मत आहे.

आर्कम नाइटने यात ‘फिअर टेकडाउन’ आणला. तुम्ही कोणाला दिसलेला नसाल आणि दोन-तीन जण जवळजवळ उभे असतील, तर एकाच झेपेत ते सगळे आडवे. पहिला पडताच वेळ मंदावतो, तेवढ्यात कॅमेरा पुढच्यावर न्यायचा आणि पुन्हा चौकोन. सुरुवातीला तीन जण, अपग्रेड घेत गेलात तर पाच. पण एकदा वापरला की तो रिकामा होतो आणि पुन्हा भरण्यासाठी एकाला तरी गुपचूप, आवाज न करता पाडावं लागतं. ही अट फार महत्त्वाची आहे. ती नसती तर सगळ्या खोल्या याच एका झेपेने संपल्या असत्या.

सवय मोडण्याचं काम इथेही चालूच आहे. आधीच्या गेममध्ये बरेच लोक डिटेक्टिव्ह मोड चालू करून भिंतीपलीकडचे सांगाडे बघतच पूर्ण गेम खेळायचे. यावेळी काही सैनिकांकडे असं यंत्र आहे की मोड जास्त वेळ चालू राहिला तर तुमची जागा त्यांना कळते. मिनीगनवाला पटकन आणि शांतपणे पडत नाही, झटापटीच्या आवाजाने बाकीचे धावून येतात. ड्रोन उडवणारा सैनिक असेल तर उंचावरची जागाही सुरक्षित राहत नाही.

उपाय तुमच्या हातात आहे आणि तो खोलीत शिरण्याआधीचा आहे. डिसरप्टर नावाचं गॅजेट लांबूनच बंदूक, मेडिकची पेटी किंवा शस्त्रांचा खोका निकामी करतं. त्याच्या खेपा मोजक्या, म्हणून साध्या बंदुकीवर वाया घालवू नका. आधी मेडिक, मग मिनीगन. शस्त्रांच्या खोक्याला बिघडवून ठेवलं तर त्यातून बंदूक घ्यायला जाणारा स्वतःच पडतो. आवाज बदलणारं यंत्र मिळालं की शत्रूच्या सरदाराच्या आवाजात एखाद्याला हवं तिथे चालवत नेता येतं. ते वापरून तिघांना एका जाळीभोवती जमवायचं आणि खालून फिअर टेकडाउन करायचा, ही जोडी जवळजवळ प्रत्येक खोलीत चालते.

गाडी

शहर आधी थोडक्यात. ब्लीक, मियागानी आणि फाउंडर्स अशी गॉथमची तीन बेटं. स्टुडिओने आर्कम सिटीच्या पाचपट आकार सांगितला होता. हॅलोविनची रात्र, स्केअरक्रो या खलनायकाच्या विषाच्या धमकीमुळे सामान्य नागरिक शहर सोडून गेलेले आणि रस्त्यावर फक्त गुंड. ही कथेतली सोय मोठी हुशारीची आहे, कारण त्यामुळे हजारो नागरिकांची गर्दी मशीनला हलवत बसावी लागत नाही आणि ती ताकद पाऊस, निऑन आणि ओल्या केपवर खर्च करता येते. २०१५ चा गेम आजही देखणा दिसतो तो यामुळे. गाडीतून वर फेकलं जाऊन थेट छतांवरून तरंगत जाणं, हे तर कितीही वेळा केलं तरी पुरेसं वाटत नाही.

पण याच गाडीने गेमचा तोल घालवला.

आधी कंट्रोलची अडचण. बहुतेक गाड्यांच्या गेममध्ये कंट्रोलरचं डावं ट्रिगर म्हणजे ब्रेक. इथे ते दाबलं की गाडी रणगाड्याच्या अवतारात जाते आणि ब्रेक चौकोनावर आहे. सवयीने ट्रिगर दाबलं जातं आणि वळणावर गाडी एकदम आडवी सरकायला लागते. दोन-चार तासांत बोटं शिकतात, पण तोवर चिडचिड होते. एक उपाय सांगतो: वळणाआधी चौकोन, आणि जागच्या जागी थांबायचं असेल तेव्हाच ट्रिगर, कारण त्या अवतारात गाडी चटकन थांबते आणि चारही दिशांना सरकते.

खरी अडचण मात्र लढायांची आहे. बॅटमॅन कोणाला जीवे मारत नाही, आणि गाडीवर तर ६० मिलिमीटरची तोफ बसवलेली. मग उडवायचं कोणाला? स्टुडिओने उत्तर काढलं की शत्रूचे जवळपास सगळे रणगाडे माणसांविना चालणारे ड्रोन असतील. पायी असलेल्या गुंडांना गाडीचा धक्का लागण्याआधीच विजेचा झटका बसून ते बाजूला फेकले जातात. तत्त्व राखलं गेलं, पण त्याची किंमत मोठी पडली. ड्रोनला भीती नाही. तो ओरडत नाही, साथीदार गेला म्हणून गडबडत नाही. खोल्यांमधल्या शिकारीत जे सगळ्यात रंगतदार होतं, नेमकं तेच इथे गैरहजर.

लढाई चालते ती अशी. प्रत्येक ड्रोन गोळा सोडण्याआधी त्याच्या निशाण्याची रेघ दिसते. त्या रेघेतून बाजूला सरकायचं आणि तोफ रोखून मारायची. क्षेपणास्त्रं आली तर ती व्हल्कन बंदुकीने हवेतच फोडायची. मार न खाता मारत राहिलात तर एक पट्टी भरते आणि क्षेपणास्त्रांचा मारा किंवा शत्रूचे ड्रोन बंद पाडणारा झटका वापरता येतो. पहिल्या तीन लढाया खरोखर मजेच्या आहेत. नंतर कळतं की ड्रोन रॅटलर जातीचा असो की डायमंडबॅक, उत्तर एकच: रेघेतून सरक आणि मार. पाच ड्रोन होते ते पंधरा होतात, मग तीस. संख्या वाढली, निर्णय तेवढेच राहिले. मारामारीत ज्या सूत्राने गेम उचलला, ते सूत्र रणगाड्यांपाशी येऊन हातातून निसटलं.

कोब्रा नावाचा रणगाडा तेवढा अपवाद ठरू शकला असता. त्याला समोरून आणि बाजूने तोफेचा काही परिणाम होत नाही. नकाशावर त्याच्या नजरेचा टापू दिसतो, तो चुकवत गल्लीतून मागे जायचं, पाठीवर निशाणा काही क्षण धरून ठेवायचा आणि एकच गोळा. दिसलात तर पळायचं, दोन वळणं घेऊन लपायचं. कल्पना चांगली आहे. पण रणगाडा भिंतीवर चढत नाही, कोनाड्यात बसत नाही, कोणाला फसवत नाही. त्यामुळे हे लपणं नुसतं वाट बघण्यात जातं. कोब्रांच्या लढाईत अडकलात तर एक लक्षात ठेवा: निशाणा धरायला सुरुवात केली की सोडू नका, आणि एकाला उडवल्यावर लगेच दोन गल्ल्या दूर जा, कारण बाकीचे स्फोटाच्या जागेकडे वळतात.

सगळ्यात जास्त दुखतं ते मोठ्या खलनायकांच्या बाबतीत. ज्याच्या नावावर गेम आहे त्या आर्कम नाइटशी तुमच्या बहुतेक महत्त्वाच्या झुंजी गाडीतून होतात. डेथस्ट्रोकसारख्या तरबेज लढवय्यासमोरही पुन्हा तोच रणगाड्यांचा खेळ. तुलनेला आर्कम सिटीमधली मिस्टर फ्रीझची झुंज घ्या. फ्रीझ प्रत्येक वारातून शिकतो, एकदा वापरलेली युक्ती त्याच्यावर दुसऱ्यांदा चालत नाही. खेळणाऱ्याला आपल्याकडचं एकेक गॅजेट आठवून वापरावं लागतं. सवय मोडणाऱ्या शत्रूचं इतकं निखळ उदाहरण याच स्टुडिओने चार वर्षं आधी दिलं होतं. म्हणून इथला भ्रमनिरास जास्त मोठा.

पीसीवर काय बिनसलं

गेम २३ जूनला आला आणि दुसऱ्याच दिवशी, २४ जूनला, प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सने पीसीवरची विक्री थांबवली. एवढ्या मोठ्या गेमबाबत असं क्वचितच घडतं. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने पैसे परत देण्याची सोय त्याच महिन्यात सुरू केली होती, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. ती सोय लोकांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. गेम पुन्हा विक्रीला आला तो २८ ऑक्टोबरला, आणि तरीही तक्रारी राहिल्याने वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेल्यांना पैसे परत देऊ केले. मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या २०१६ च्या सुरुवातीला रद्दच झाल्या.

यामागचं तांत्रिक कारण असं. कन्सोलवर हा गेम सेकंदाला ३० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र तयार करायला मशीनला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. पीसीवर ६० हवीत तर वेळ निम्मा, सुमारे १७. पीसीची आवृत्ती आयर्न गॅलक्सी या बाहेरच्या स्टुडिओकडे दिली होती आणि ती आली तीही ३० च्या कुलुपासकट. सेटिंगच्या फाइलमध्ये हात घालून लोकांनी कुलूप काढलं, तेव्हा खालचा पाया किती डळमळीत आहे ते उघड झालं.

त्यात पुन्हा गाडी. पायी किंवा तरंगत जाणाऱ्या बॅटमॅनसाठी पुढचा रस्ता हळूहळू तयार ठेवता येतो. बॅटमोबिल पूर्ण वेगात असेल तर काही सेकंदांत अख्खा मोहल्ला बदलतो आणि इमारतींची चित्रं डिस्कवरून उचलून ग्राफिक्स कार्डपर्यंत पोचवावी लागतात. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना सामाईक आहे. पीसीवर रॅम वेगळी, कार्डची मेमरी वेगळी. दुकानाचं गोदाम दुसऱ्या गल्लीत असावं तसं, प्रत्येक माल आधी इकडे आणि मग तिकडे न्यावा लागतो. ही ने-आण चित्र तयार होण्याच्या त्या १७ मिलिसेकंदांच्या आड आली की गाडी क्षणभर गोठते, आणि नेमकी वळणावरच. त्यात गेम ज्यावर उभा आहे ते इंजिन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, अनरियल ३, ज्याची घडण आधीच्या पिढीच्या कन्सोलच्या काळातली.

आज हा गेम पीसीवर बऱ्यापैकी सुरळीत चालतो, कारण हार्डवेअर कितीतरी पुढे गेलं. तरी लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी काही गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिलं, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन हा गेम वेगळ्या कार्डवरच चालेल असं नेमून द्या. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर तो कधीकधी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर सुरू होतो आणि लोक गेमला दोष देतात. दुसरं, रॅम. अधिकृत किमान आकडा ६ जीबीचा असला तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीनेच विंडोज १० साठी १२ जीबी सुचवली होती. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा ठेवून खेळलात तर गाडी अडखळणारच. तिसरं, गेम एसएसडीवर टाका. किमान ४५ जीबी जागा लागते, ५५ धरून चाला. वर सांगितलेल्या ने-आणीत सगळ्यात हळू टप्पा डिस्कचा, त्यामुळे साध्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेलात की फरक लगेच जाणवतो.

मग ग्राफिक्सचं पान उघडा. एन्व्हिडियाच्या कार्डसाठीचे खास परिणाम आहेत, त्यातला हलणारा धूर आणि धुकं सगळ्यात जड. तो आधी बंद. उडणारे कागद त्यानंतर. पाऊस आणि प्रकाशझोत परवडत असतील तर ठेवा, गॉथमचं निम्मं सौंदर्य त्यात आहे. टेक्स्चर, म्हणजे भिंती-वस्तूंवरच्या चित्रांचा दर्जा, ठरवताना त्याच पानावर कार्डची किती मेमरी लागेल ते दिसतं. तो आकडा कार्डच्या मेमरीच्या खाली राहील असा पर्याय निवडा. २ जीबीच्या कार्डवर वरचा पर्याय घेतलात तर सरासरी वेग ठीक दिसेल, पण दर काही सेकंदांनी झटके बसतील. वेगाची मर्यादा ३०, ६० किंवा ९० ठेवता येते. मशीन ६० सातत्याने धरत नसेल तर ३० वर स्थिर खेळणं बरं, कारण निळ्या रेघा बघून बटण दाबायच्या खेळात एकसारखा वेग जास्त मोलाचा. गेममधल्या बेंचमार्क या वेगचाचणीच्या आकड्यावर विसंबू नका. गाडी काढा, एका बेटावरून दुसऱ्या बेटापर्यंत पूर्ण वेगाने जा. तिथे झटका बसला नाही तर कुठेच बसणार नाही.

२४३ कोडी

कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाने शहरभर २४३ आव्हानं पेरली आहेत आणि कथेचा पूर्ण शेवट पाहायचा तर ती सगळी सोडवावी लागतात. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. कथेचा शेवट पाहण्याचा हक्क कथा खेळणाऱ्याचा असतो, वस्तू गोळा करण्याची हौस असणाऱ्याचा एकट्याचा नव्हे. काही कोडी सुंदर आहेत, विशेषतः कॅटवुमनबरोबरच्या खोल्या. पण गाडीच्या शर्यतीही त्यात घुसवल्या आहेत. शिवाय शब्दकोडी इंग्रजी श्लेषांवर बेतलेली, आणि हिंदी-मराठी सबटायटल्स नाहीत.

करायचीच असतील तर शेवटी एकदम करायला बसू नका. डिटेक्टिव्ह मोडमध्ये हिरवा दिसणारा गुंड म्हणजे रिडलरचा खबऱ्या. बाकी सगळ्यांना पाडून त्याला शेवटी उभा ठेवायचा आणि मग त्रिकोण दाबून बोलतं करायचं. कोडी कुठे आहेत ते नकाशावर उमटतं. गडबडीत त्याला इतरांसारखा आडवा केलात तर माहिती गेली. जाता-येता हे करत राहिलात तर अर्धा शोध आपोआप होतो.

कथेबद्दल थोडंच. केविन कॉनरॉय यांचा बॅटमॅन आणि मार्क हॅमिल यांचा जोकर, दोघांचे आवाज इथे कमालीचे लागले आहेत. भीतीने पोखरलेलं बॅटमॅनचं मन खेळाच्या आत दाखवण्याची पद्धत, मागे वळलं की समोरची भिंतच बदललेली, ही या गेमची मोठी कमाई. आर्कम नाइट हे पात्र मात्र अगदी नवं म्हणून गाजवलं गेलं, आणि कॉमिक वाचणाऱ्यांनी त्याला मुखवटा उतरण्याच्या कितीतरी आधी ओळखलं.

घेताना प्लॅटफॉर्म बघून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निंटेंडो स्विचवर तिन्ही गेमचा संच आला, त्यात आर्कम नाइट फार अडखळतो, तिथे टाळावा. प्लेस्टेशन ४ ची प्रत स्थिर चालते. पीसीवर सगळ्या जोड भागांसह असलेली प्रीमियम आवृत्ती सेलमध्ये घेतली तर सुटं काही घ्यावं लागत नाही. त्या जोड भागांत रेड हूड आणि हार्ले क्विनचे तुकडे बसल्या बैठकीला संपतात. बॅटगर्लचा भाग त्यांच्यापेक्षा बरा, त्याला स्वतःची जागा आणि गोष्ट आहे. डिसेंबर २०१५ चा ‘सीझन ऑफ इन्फेमी’ मात्र जरूर खेळा. त्यातली चारही प्रकरणं मुख्य शहरातच घडतात, आणि मिस्टर फ्रीझ तिथे पुन्हा भेटतो.